गुळगुळे यांचा उजवा गाल

माझ्या मामाचं आडनाव गुळगुळे नव्हतं. पण ब्लेडच्या कारखान्यात त्याला सगळे गुळगुळेच म्हणायचे, आणि इतकी वर्षं म्हणत आले होते, की नव्याने लागलेल्यांना ते खरंच त्याचं आडनाव वाटायचं. एकदा कारखान्याच्या समारंभात मंचावरून "श्रीयुत गुळगुळे" असा पुकारा झाला, तेव्हा मामा कोटाची बटणं लावत निमूटपणे वर गेला आणि हार घालून घेऊन खाली आला.

नाव पडायचं कारण साधं होतं. दाढी करणं हेच त्याचं काम होतं. कारखान्याच्या मागच्या बाजूला एक लांबट खोली होती. भिंतीला ओळीने बेसिनं, प्रत्येक बेसिनवर आरसा आणि आरशाच्या दोन्ही अंगांना दिवे, म्हणजे चेहऱ्यावर कुठे सावली पडायला नको. तिला दाढीखोली म्हणत. मामा आणि त्याचे सोबती सकाळी घरून खुंट वाढलेल्या तोंडाने तिथे यायचे. प्रत्येकाच्या पुढ्यात दोन दुधारी ब्लेडं ठेवली जायची, वेष्टन काढलेली, ओळख नसलेली. एका ब्लेडने उजवा गाल करायचा, दुसऱ्याने डावा. मग सांगायचं, कुठलं सरळ निघालं, कुठलं केस कापण्याऐवजी ओढत गेलं, कुठल्याने कातडी तापली. धार मोजणारी यंत्रं कारखान्यात होती, भिंगं होती. पण गालाला काय वाटलं, हे शेवटी गालालाच विचारावं लागायचं.

या कामात मामा एक्का होता. पहिला हात फिरवला की त्याची मान किंचित कलायची, जणू कोणी कानात काही सांगतंय. मग तो म्हणायचा, "हे आज रुसलंय, पण उद्या चांगलं वागेल." आणि तेच ब्लेड दुसऱ्या दिवशी लोण्यासारखं फिरायचं. केसाने गळा कापणारी माणसं जगात पुष्कळ भेटतात, आपण मात्र ब्लेडने गळा न कापण्याचा पगार घेतो, हा त्याचा ठरलेला विनोद होता. आम्ही भाचरं तो दर सुट्टीत ऐकायचो आणि दर सुट्टीत हसायचो.

अशा माणसाच्या हातून एका सकाळी रेझर गळून पडला. शेजारच्या बेसिनवरच्या सोबत्याला वाटलं, साबणाने निसटला असेल. त्याने वाकून उचलून दिला, तर मामाला तो धरता येईना. तोंडावर फेस होता, आणि त्या फेसाखाली ओठाची उजवी कड खाली ओघळली होती. सोबत्याने आरडाओरडा केला नाही. फेस पुसला, मामाला खुर्चीत बसवलं आणि गाडी बोलावली.

अर्धांगवायूचा झटका होता. लवकर नेल्यामुळे जीव वाचला. बोलणं परतलं, पाय परतला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. पण उजवा हात जड राहिला, आणि उजवा गाल बधिर. आपल्याच चेहऱ्यावर कोणीतरी दुसऱ्याचा गाल आणून चिकटवलाय असं वाटतं, असं मामा एकदा म्हणाला. 

घरी आल्यावर त्याने दाढी सोडून दिली. सोडून दिली म्हणजे वाढू दिली. आयुष्यभर ज्याच्या गालावरून माशी घसरावी, त्याचं तोंड महिन्याभरात झाडोऱ्यासारखं झालं. न्हाणीघरातल्या आरशावर त्याने टॉवेल टाकून ठेवला होता. भेटायला येणाऱ्यांना सांगायचा, की आता कारखान्याचा आणि आपला संबंध संपला, तिथे दोन गालांची माणसं लागतात.

माझी मामी चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची. काच घासून फ्रेमच्या मापाची करायची, कडा मारून बोथट करायच्या, स्क्रू आवळायचे, हे तिचं रोजचं काम. बोलायला कमी आणि हाताला पक्की. तिने बरेच दिवस पाहिलं. मग एका रविवारी गरम पाण्याचं भांडं, ब्रश, साबण आणि रेझर घेऊन ती त्याच्यासमोर येऊन बसली. मामाने तोंड फिरवलं. मी तेव्हा तिथेच होते, म्हणून मला तिचं बोलणं नीट आठवतं.

"दाढी ठेवायची असेल तर ठेवा," ती म्हणाली. "पण हौसेने ठेवा. टाकून दिल्यासारखी नको."

 मामाने मान परत वळवली, आणि तेवढीच परवानगी समजून मामीने आधी कात्रीने जंगल कमी केलं, मग फेस लावला. रेझर मात्र तिने कधी चालवला नव्हता. पहिल्याच फटक्यात तिने तो असा दाबला, की जणू काचेची कड मारतेय. मामा कळवळला आणि आजारपणानंतर पहिल्यांदाच त्याच्या तोंडून लांबलचक वाक्य निघालं. दाबू नकोस, रेझरला स्वतःचं वजन आहे, ते पुरतं. तू फक्त त्याला वाट दाखव. आधी केसांच्या कलाने जा, उलटं मागाहून, आणि दुसऱ्या हाताने कातडी ताणून धर. मामी ऐकत गेली, तो सांगत गेला. दाढी झाली तेव्हा मामाच्या गळ्यावर दोन-तीन ठिकाणी कागदाचे कपटे चिकटवलेले होते आणि खोलीत पुष्कळ दिवसांनी नेहमीसारखं बोलणं चाललं होतं.

मग रोजचाच परिपाठ झाला. मामीचा हात बसला. तिने आणखी एक युक्ती केली. दुकानातून येताना ती वेगवेगळी ब्लेडं आणायची आणि वेष्टनं पदराआड ठेवून, न सांगता रेझरमध्ये घालायची. मामाची मान कलायची. आज ब्लेड बदललंस का, असं तो विचारायचा, आणि मामी सरळ चेहऱ्याने नाही म्हणायची.

"खोटं बोलतेस. कालचं बोलकं होतं, हे घुम्म आहे."

आणि तो गालातल्या गालात हसायचा, तेही एकाच गालात. मामी रोज हरायची, आणि रोज हरण्यासाठी नवीन ब्लेड घेऊन यायची.

काही दिवसांनी मामाने रेझर स्वतःच्या डाव्या हातात घेतला. काम सोपं असलं की आपण म्हणतो, हा तर माझ्या डाव्या हातचा मळ. ही म्हण काढणाऱ्याने डाव्या हाताने दाढी करून पाहिलेली नसणार. हनुवटी वळवताना रेझर कोन सोडायचा, नाकाखाली तर मामा श्वास रोखून बसायचा. घरातला तुरटीचा खडा भराभर झिजू लागला. दाढीनंतर ओली तुरटी फिरवली, की जिथे जिथे ब्लेडने ओरबाडलं असेल तिथे ती झोंबते. रक्त न दिसणाऱ्या जखमाही तुरटीला दिसतात. डाव्या गालावर ती झोंबायची. उजव्यावर दगड दगडावर फिरवावा तशी फिरायची.

एका सकाळी मामी दुकानात जायला चप्पल घालत होती, तेव्हा न्हाणीघरातून हाक आली. ती धावत गेली. मामा आरशासमोर उभा होता, तुरटी हातात, डोळ्यांत पाणी. मामीला वाटलं, मोठं कापलं. तिने टॉवेल पुढे केला.

"झोंबली," मामा म्हणाला. "अगं, उजवीकडे झोंबली."

जबड्याच्या कडेला, बोटभर जागेत. त्याने पुन्हा तुरटी लावली, पुन्हा झोंबली. मामीने त्याच्या हातून खडा घेतला आणि स्वतः लावून पाहिला. तो "हो, हो" म्हणत राहिला. त्या दिवशी मामी दुकानात उशिरा पोचली, आणि उशीर का झाला असं मालकाने विचारलं तेव्हा म्हणाली, नवऱ्याला दुखतंय म्हणून. मालकाने सहानुभूती दाखवली. तिला हसू आवरेना, तेव्हा तो बिचारा गोंधळून गेला.

बोटभर जागेची पुढे हातभर झाली नाही, पण हळूहळू सगळ्या गालाला थोडी थोडी जाग आली. तेव्हा मामा कोट घालून कारखान्यात गेला.

दाढीखोलीच्या प्रमुख एक बाई होत्या. मामाला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला. त्यांनी त्याला पॅकिंग विभागात बसून करायचं काम देऊ केलं. मामा म्हणाला, मला माझंच काम हवंय. बाईंनी मग जे खरं होतं ते सांगितलं. या खोलीतून होकार गेला की ते ब्लेड हजारो लोकांच्या गळ्यावर फिरतं. "तुमच्यावर माझी माया आहे, गुळगुळे. पण मायेपोटी मला ब्लेड पास करता येत नाही."

"करूच नका," मामा म्हणाला. "मला कामावर घ्या असं म्हणत नाही मी. माझ्या गालाची परीक्षा घ्या, एवढंच म्हणतो."

बाईंनी कबूल केलं. काही दिवस रोज सकाळी यायचं, इतरांसारखीच दोन अनोळखी ब्लेडं घ्यायची. मधूनच त्या मुद्दाम बिघडलेलं ब्लेड देणार होत्या.

पहिल्याच दिवशी मामा चुकला. उजव्या गालावरचं ब्लेड त्याने फार छान म्हणून सांगितलं, आणि नेमकं तेच बिघडलेलं निघालं. गालाला नीट कळलंच नव्हतं, आणि कळलं नाही म्हणून त्याला गुळगुळीत वाटलं होतं. तो मान खाली घालून घरी आला. रात्री जेवताना म्हणाला, की बाईंचं बरोबर होतं. गंमत म्हणजे घरी पोचेपर्यंत तो गाल चांगला तापला होता. पण तेव्हा कळून काय उपयोग?

मामीने ताटातून मान वर केली. "चष्मा नवीन बसवला की मी गिऱ्हाइकाला लगेच विचारत नाही कसं दिसतंय," ती म्हणाली. "म्हणते, दारापर्यंत जाऊन या, रस्ता बघा, मग सांगा. तुमचा गाल उशिरा बोलतो, तर त्याला थोडा वेळ द्या ना."

मामा जेवायचा थांबला. मग त्याने आणखी एक पोळी मागून घेतली.

दुसऱ्या दिवशी त्याने बाईंना विचारलं, की निकाल थोडा थांबून दिला तर चालेल का. बाई म्हणाल्या, निकाल खरा असेल तर तासाभराने द्या. तेव्हापासून मामा दाढी उरकून, तोंड पुसून, भिंतीशी खुर्चीत बसून राहू लागला. बाकीचे आपापलं सांगून चहाला जायचे. हा बसलेला. डावा गाल केव्हाच बोलून मोकळा झालेला असायचा. उजव्यात मग सावकाश, मंद आचेवर पाणी तापावं तसं काहीतरी उमटायचं, किंवा उमटायचं नाही. तेव्हा तो उठून सांगायचा. आणि ते बरोबर निघायचं. एकदा निघालं, पुन्हा निघालं. सोबत्यांची कुजबूज सुरू झाली. चहा लवकर संपवून ते परत खोलीत यायला लागले.

शेवटच्या सकाळी खुर्चीतला मामा नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. त्याने पुन्हा पुन्हा दोन्ही गालांवरून बोटं फिरवली. सोबती दाराशी उभे होते. बाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.  अखेर मामा उठला.

"बाई, आज काही फरक नाही. दोन्ही ब्लेडं एकाच जातीची आहेत, आणि चांगली आहेत."

बाईंनी सांगितलं, की दोन्ही एकाच खोक्यातली होती. अशा वेळी भलेभले काहीतरी फरक शोधून काढतात, कारण दोन ब्लेडं दिलीत म्हणजे फरक असणारच असं त्यांना वाटतं. मग त्यांनी मामाचं बेसिन कुठलं ते सगळ्यांना ठाऊक असतानाही हात करून दाखवलं आणि उद्यापासून वेळेवर यायला सांगितलं. दाराशी टाळ्या झाल्या. ज्या सोबत्याने त्याला त्या दिवशी खुर्चीत बसवलं होतं, तो मात्र टाळ्या वाजवायच्या ऐवजी बेसिनचा नळ सोडून उगाच तोंड धुवत बसला.

मामा तिथून काठी टेकत सरळ चष्म्याच्या दुकानात गेला. मामीसमोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं. उठली, त्याची हनुवटी उजेडाकडे वळवली आणि काच तपासावी तशी त्याच्या उजव्या गालावरून बोटं फिरवली.

"इथे कानाखाली जरा राहिलीय," ती म्हणाली.

"उद्या काढतो. उद्या कामावर जायचंय."

मामीने गिऱ्हाइकाला सांगितलं, की जरा दारापर्यंत जाऊन रस्ता बघून या. गिऱ्हाईक म्हणालं, अजून चष्मा कुठे दिलाय. तरीही ती म्हणाली, जाऊन या.

पुढे मामा निवृत्त होईपर्यंत दाढीखोलीत राहिला. उशिरा बोलणाऱ्या गालाचा कारखान्याला फायदाच झाला. दाढीच्या वेळी गोड वागणारं आणि मागाहून आग करणारं ब्लेड मामाच्या हातून सुटायचं नाही. बाईंनी मग सगळ्यांनाच तोंड पुसून थोडं थांबायला लावलं. चहा त्यांनी खोलीतच मागवायला सुरुवात केली, त्यामुळे कोणाची तक्रार आली नाही.

त्याहून मोठी गोष्ट त्याने रविवारी केली. ज्या इस्पितळात त्याच्यावर उपचार झाले, तिथल्या व्यायामाच्या खोलीत तो जाऊ लागला. झटका येऊन गेलेली माणसं तिथे रबरी चेंडू दाबत बसलेली असत, कंटाळलेली, वाढलेल्या दाढ्यांची. मामा त्यांच्यापुढे आरसे मांडायचा, ब्रश वाटायचा. मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते. एक सुतार होता, धिप्पाड, उजवा हात गळ्यात बांधलेला. आपल्याला हे जमायचं नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मामाने त्याच्या डाव्या हातात रेझर दिला आणि सांगितलं, दाबू नका, त्याला त्याचं वजन आहे. सुताराने श्वास रोखून एक पट्टा ओढला. फेसातून गालाची स्वच्छ वाट निघाली. त्याने आरशात बघितलं, मग शेजाऱ्याकडे वळून ती वाट त्याला दाखवली, आणि शेजारी पोट धरून हसला, कारण सुताराच्या नाकावर फेसाचा गोळा तसाच होता. मग सगळी रांगच हसायला लागली, कोणी पूर्ण तोंडाने, कोणी अर्ध्या. मामा मागे उभा राहून ओरडत होता, की अहो, हसताना रेझर खाली ठेवा.