आत्याच्या हातचे तीन बाण

गल्लीतली लहानथोर सगळी तिला आत्याच म्हणत. खऱ्या नात्याने ती कुणाचीच आत्या नव्हती. तिच्या एकुलत्या भावाला मूलबाळ नव्हतं, आणि बायको होती ती पहिल्याच वर्षी दोन दात गमावून माहेरी गेली ती परत आली नाही. राहिली ही दोघं. दादा धनुष्यं करायचा आणि त्याच्या पाठची ही बहीण बाण करायची. बापानेच तशी वाटणी करून दिली होती. बापही मारकुटाच. मुलीच्या हातची काडी वाकडी निघाली की त्याच काडीने झोडायचा आणि वर म्हणायचा, "बघ, आता कशी सरळ झाली!"

आत्याचं काम बघायला गल्लीतल्या बायका येऊन बसत. करंगळीहून बारीक लाकडी काडी ती निखाऱ्यावर धरून फिरवायची, ऊब आत शिरली की तळहाताने दाबायची, आणि एक डोळा मिटून टोकापासून शेपटापर्यंत बघायची. पण काडी नुसती सरळ असून भागत नाही. सुटताना बाण वाकतो, धनुष्याला वळसा घालतो आणि मग पुढे जाऊन सरळ होतो. जोरकस धनुष्याला कडक काडी लागते, मवाळ धनुष्याला नरम. कडक काडी हलक्या धनुष्यावरून सोडली तर डावीकडे जाते, नरम काडी जड धनुष्यावरून सोडली तर उजवीकडे. म्हणून आत्या प्रत्येक काडी दोन खिळ्यांवर आडवी ठेवून मधोमध एक लोखंडी वजन टांगायची, ती किती लवते ते पाहायची, आणि काचेच्या तुकड्याने केसाएवढं केसाएवढं खरवडायची. "नवरा-बायको जुळवणं सोपं," ती म्हणायची. "दोघांनाही तोंड असतं. इथे मलाच दोघांच्या वतीनं भांडावं लागतं."

शेवटची परीक्षा मागच्या अंगणात व्हायची. दादा धनुष्य धरून उभा राहायचा, उजवा हात न बघता मागे पसरायचा, आणि आत्या त्यात बाण ठेवायची. तो सोडायचा, ती बघायची. हात मागे आला की पुढचा बाण. तीस वर्षं हेच. या तीस वर्षांत दादाने हातातल्या बाणाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. त्याच्या लेखी ते काड्या घासणं होतं, बायकी काम. एकदा आत्या म्हणाली, "दादा, धनुष्याचा वरचा अर्धा जड राहिलाय," तर त्याने तेच धनुष्य तिच्या हनुवटीवर हाणलं. सहा टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्याने धनुष्याचा वरचा अर्धा तासून हलका केला, पण तोंडातून अक्षर काढलं नाही.

तरी दादाविरुद्ध कुणी बोललेलं तिला खपत नसे. तिचा नवरा गेला तेव्हा दिराने तिची ट्रंक रस्त्यावर फेकली होती. दादा त्या घरात शिरला, दिराचा जबडा मोडला, ट्रंक खांद्यावर घेतली आणि बहिणीला म्हणाला, "चल." "मारका आहे," आत्या म्हणायची, "पण माझा आहे."

त्या दिवशी सकाळी ती नेमबाजांच्या एका क्लबासाठी केलेले बारा बाण तपासत होती. धनुष्य जड होतं, म्हणून काड्या कडक. प्रत्येक बाण ती कानाशी धरून दोन्ही हातांनी वाकवायची. आत कुठे चीर असेल तर बारीक "टिक" ऐकू येतं. तसा बाण ती तत्क्षणी गुडघ्यावर मोडून चुलीत घालायची. तडकलेला बाण दोरीवर मोडतो आणि मागचा तुकडा धनुष्य धरलेल्याच हातात घुसतो. बापाने तिला तसा हात झालेला एक माणूस दाखवला होता, मुद्दाम, लक्षात राहावं म्हणून.

अकराव्या बाणाने "टिक" केलं आणि त्याच वेळी अंगणात आरडाओरडा झाला.

अंगणापलीकडे सुताराचं दुकान होतं. सुतार गोल पोटाचा, हसरा माणूस. दोन्ही घरांची मिळून एकच लाकडाची पडवी. तिथे आढ्याला बापाने तोडलेला शेवटचा ओंडका अकरा वर्षं सुकत होता. त्यातून दादा त्याच्या आयुष्यातलं सर्वात चांगलं धनुष्य काढणार होता. सुताराने तो उतरवला आणि त्याचे एका स्टुलाचे चार पाय केले.

"लाकूडच ना रे ते?" सुतार हसत म्हणत होता. "दुसरं आणून देतो की! बस त्याच्यावर, बस. बघ कसं दणकट झालंय."

दादाने स्टूल उचललं आणि त्याच्या तोंडावर हाणलं. सुताराचं नाक फुटलं. तोही काही गाय नव्हता. त्याने हातातला लाकडी हातोडा दादाच्या बरगडीत घातला, एकदा, पुन्हा एकदा. सुतारीण किंचाळत मध्ये पडली तर दादाने तिला रंध्याच्या भुश्शात ढकललं. मग तो एकदम शांत झाला आणि घराकडे वळला. ते शांत होणं आत्याने खिडकीतून पाहिलं, ओळखलं आणि हातातले बाण तसेच घेऊन ती उठली.

त्याने खुंटीवरचं त्याचं धनुष्य काढून दोरी चढवली. आत्या दारात आडवी झाली.

"दादा, अरे माणूस आहे तो!"

"बाण आण."

त्याने तिचं मनगट पिरगाळलं आणि फरफटत तिला अंगणात नेलं. तिच्या मुठीत ते बाण तसेच होते. तडकलेला करंगळीखाली वेगळा दाबलेला, बाकीचे वर. दादा पाय रोवून उभा राहिला. तीस पावलांवर, दुकानाच्या उघड्या दारात, सुतार नाकाला फडकं लावून उभा. दादाने उजवा हात मागे पसरला.

आणि आत्याने त्यात बाण ठेवला.

आपण काय केलं हे तिला दोरी सुटल्यावर कळलं. बाण सुताराच्या कानाजवळून वीतभर डावीकडे गेला आणि चौकटीत थरथरत उभा राहिला. दादाच्या हलक्या धनुष्याला तो कडक पडला म्हणून. सुतार तोंड उघडून त्याच्याकडे बघत राहिला. पळायचं असतं हेही त्याला सुचलं नाही.

हात पुन्हा मागे आला. मुठीतले बाण गटारात फेकावेत असं तिच्या मनात आलं. पण घरात दादाचे स्वतःचे सहा बाण होते, तिनेच जुळवलेले, तीस पावलांवर लिंबू न चुकवणारे. ते आणायला त्याला किती वेळ लागला असता? तिने दुसरा कडक बाण दिला. पुन्हा डावीकडे जाईल, असं गृहीत धरून दिला.

पण दादा पोरसवदा नेमबाज नव्हता. पहिला बाण कुठे गेला ते त्याने पाहिलं होतं. त्याने नेम थोडा उजवीकडे सरकवला. बाण सुताराच्या उजव्या दंडातून आरपार गेला आणि त्याच्या पाठीशी असलेल्या कपाटाच्या फळीत रुतला. सुतार तिथेच खिळला. हलला की ओरडायचा, ओरडला की हलायचा. फळीवरून रक्ताची धार खाली भुश्शात पडत होती.

"अजून वीतभर," दादा स्वतःशीच म्हणाला आणि त्याने हात मागे केला.

आत्याने करंगळीखालचा बाण त्याच्या हातात ठेवला.

दोरी सुटली तेव्हा बाण सुटल्याचा आवाज आलाच नाही. ओली फांदी मोडावी तसा कडकडाट झाला. पुढचा तुकडा भिरभिरत छपरावर गेला. मागचा दादाच्या डाव्या अंगठ्याखालून शिरून मनगटावर बाहेर आला, पिसांपर्यंत. धनुष्य खाली पडलं. दादा हाताकडे बघत गुडघ्यांवर बसला. आत्याने पिसं चाकूने छाटली, गुडघा त्याच्या कोपरावर रोवला आणि तुकडा पुढून ओढून काढला. त्याने उजव्या हाताने तिच्या कानशिलात इतक्या जोराने दिली की तिला अंगण फिरताना दिसलं. तरी तिने पदर फाडून हात आवळून बांधला आणि मग सुताराकडे धावली.

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात हवालदार वही घेऊन बसला. दादा बाकावर, हात गळ्यात बांधलेला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की अंगठा आता मिटणार नाही. आत सुताराच्या दंडाला टाके घालणं चालू होतं. सुतारीण भिंतीला टेकून उभी होती, केसांत अजून भुसा.

"तिसरा बाण मोडला कसा?" हवालदाराने विचारलं.

"लाकूड आहे साहेब, मोडतं," दादा म्हणाला. "हिला काय कळतंय? काड्या घासते."

आत्याने मान वर केली. "माझा बाण मोडत नाही. तीस वर्षांत एक मोडलेला नाही. तो तडकलेला होता. मला माहीत होतं."

दादा तिच्याकडे बघतच राहिला. "तुला माहीत होतं?"

"हो."

"अगं, हात गेला माझा! धनुष्य कुठल्या हाताने करू आता?"

"त्याचा जीव गेला असता, दादा. तू फासावर गेला असतास."

"माझा हात म्हणतोय मी!" तो ओरडला. त्याला खरोखरच दुसरं काही दिसत नव्हतं.

हवालदार लिहीत होता. भिंतीकडून सुतारीण हळूच म्हणाली, "तडकलेला तुझ्याकडे पहिल्यापासून होता ना, आत्या? मग पहिले दोन का गं चांगले दिलेस?"

आत्याने आपले तळहात उलटे करून पाहिले.

"पहिला माझ्या हाताने दिला, मला न विचारता," ती म्हणाली. "दुसरा मी दिला. चुकेल असं वाटलं, आणि भावाचा हातही वाचवायचा होता." मग ती हवालदाराकडे वळली. "साहेब, तिन्ही बाणांपुढे माझं नाव लिहा. तिन्ही मीच दिलेत."