पळवलेली यंत्रं

आमच्या धाकट्या बहिणीचा नवरा पंखे, मिक्सर दुरुस्त करतो. मी त्याला ‘डॉक्टर’ म्हणते. चिडतो, पण ओ देतो.

झालं असं, की धाकटीला विसरायचा आजार जडला. खऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, शरीरातल्या प्रथिनांची एक ठरलेली घडी असते, ती हिच्या मेंदूत चुकतेय. औषध नाही. या गड्यानं इंटरनेटवर एक प्रकल्प हुडकला. तिथले शास्त्रज्ञ या घड्यांच्या गणिताचे तुकडे पाडतात आणि हौशी लोकांच्या कॉम्प्युटरवर फुकटात सोडवून घेतात. मग काय, भंगारातले कॉम्प्युटर आणून यानं झोपायच्या खोलीत फळीवर ओळीनं मांडले.

“काय हो डॉक्टर, मिक्सरचं झाकण बसत नाही तुमच्याच्यानं, आणि मेंदू दुरुस्त करणार?”

“ताई, ती मला विसरायच्या आत औषध निघायला हवं. तुम्ही बोला काय बोलायचं ते.”

परवानगीच दिली की! मी बोलत राहिले.

त्याला भारी घाई. यंत्रं त्यानं ठरल्या वेगापेक्षा जास्त पळवली. तापतात म्हणून आपले दुरुस्तीतले पंखे लावले. खोलीत पिठाची गिरणी! धाकटी मात्र त्या उबेत भिंतीला टेकून खुशाल बसायची. म्हणायची, “आवाज येतोय ना? म्हणजे हे घरात आहेत.”

प्रकल्पातल्या त्याच्या गटातले बाकीचे लोक उत्तरांना मिळालेले गुण मोजायचे, कोण पुढे, कोण मागे. हा तिकडे ढुंकून बघायचा नाही. “मी काय शर्यतीत उतरलोय?” तुकडा सुटत जाईल तशी पडद्यावर सरकणारी पट्टी भरली की स्वारी खूश.

एकदा गटाची म्होरकी, शाळेत गणित शिकवणारी बाई, यंत्रं बघायला आली. कौतुक करत तिनं त्याच्या गुणांचं पान उघडलं.

“काका, तुमचं एकही उत्तर धरलेलं नाही.”

“पट्टी तर भरते!”

“भरते हो. पण तोच तुकडा दुसऱ्याकडेही पाठवतात. दोघांचं जुळलं तरच ठेवतात. इतकी पळवल्यावर यंत्रं चुकणारच. तुमची उत्तरं टाकून देतात.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून.”

“डॉक्टर,” मी म्हटलं, “पेशंट तपासायच्या आधीच गेला की!” धाकटी तेवढी खळखळून हसली. तिला कळलं नव्हतं.

त्यानं यंत्रं हळू केली, जादाचे पंखे काढले. खोली गार, शांत. आणि उत्तरं जुळायला लागली! पहिले गुण मिळाले तसा हा पोरासारखा धावत सांगायला आला. धाकटीनं चादर गळ्यापर्यंत ओढली.

“ताई, हे कोण गं? आणि आमचे हे कुठे गेले? आवाज नाही त्यांचा.”

“अगं, मीच तो.”

“ते असले की खोली गरम असते.” मग अगदी अदबीनं त्याला म्हणाली, “दुरुस्ती झाली असेल तर निघा तुम्ही.”

मी धाकटीच्या शेजारी जाऊन बसले.

तो फळीकडे गेला, पंखे परत जोडले, वेग होता तिथे नेऊन ठेवला.

“अहो, उत्तरं चुकतील,” मी म्हटलं.

“चुकू देत.”

गिरणी सुरू झाली. धाकटी भिंतीला टेकली. “आले वाटतं,” असं म्हणून हसून दाराकडे बघत राहिली. तो फळीपाशी उभा होता.