एका बाजूने रंगवलेलं जहाज

शाळेच्या प्रदर्शनात जहाजच का, हे आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना कोणी विचारलं नाही. जळगावहून समुद्र बराच लांब आणि निम्म्याअधिक मास्तरांनी तो पाहिलेलाच नव्हता. पण अध्यक्ष एकदा व्यापाराच्या कामाने मुंबईला गेले, गोदी पाहून आले, आणि तेव्हापासून देशाची प्रगती त्यांना जहाजाच्याच आकारात दिसू लागली. उद्घाटनाला एक उपमंत्री येणार होते. त्यांच्या टेबलाशेजारी चार फुटी लाकडी जहाज हवं, असा हुकूम सुटला. ही सत्तर सालाच्या आगेमागेची गोष्ट. तेव्हा हुकूम सोडायला अध्यक्ष असणं पुरेसं होतं, विषय कळण्याची अट नव्हती.

जहाज करणार सुतारकामाचे शिक्षक. ते एरंडोलकडचे, सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. तीन वर्षं ते तात्पुरतेच होते. दर उन्हाळ्यात नेमणूक संपायची आणि जूनमध्ये अध्यक्षांच्या पेढीच्या ओट्यावर तासन् तास बसलं की पुन्हा मिळायची. यंदा अध्यक्षांनी सगळ्या शिक्षकांसमोर शब्द दिला होता, “जहाज झकास झालं, तर मिस्त्री कायम.” मी इंग्रजी शिकवायचो आणि प्रदर्शन समितीचा चिटणीस होतो. जहाजाचा नकाशा एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून मीच उतरवून दिला.

मिस्त्रींनी तापीवरच्या नावेपलीकडे पाण्यावर चालणारं काही पाहिलं नव्हतं. नकाशा त्यांनी पाच मिनिटं उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, आठे बठ्ठा खेळ कणाना शे. तो सरळ शे म्हंजे बठ्ठं सरळ.”

त्यांनी सागाची एक जाड फळी रंधा मारून सपाट केली. सूत धरून तिच्यावर मधोमध रेघ आखली आणि जहाजाचा कणा, म्हणजे तळाचं लांब मधलं लाकूड, त्या रेघेवर दोन पट्ट्यांच्या बेचक्यात उभा पक्का केला. मग एकेक फासळी गुण्या लावून काटकोनात बसवली. कुठे सूतभर फरक दिसला की काढायची, पुन्हा बसवायची. बाहेरच्या पातळ पट्ट्या पाण्यात भिजवून वाकवायच्या आणि चिकटवायच्या. डावीकडे एक लावली की लगेच उजवीकडे एक. एका संध्याकाळी मी म्हटलं, डावीकडच्या दोन एकदम लावून टाकू, उजवीकडच्या उद्या बघू. ते माझ्यावर डाफरले, “दोन बायकास्ना दादला आन् हाई जहाज सारखंच शे, भाऊ. एकीले दिधं की दुसरीले लगेच देनं पडस. नही त वाकाडी टाकतीन!”

दोन महिन्यांनी जहाज फळीवरून उतरवलं तेव्हा ते बाणासारखं सरळ होतं. मी एक डोळा मिटून पुढून पाहिलं, मागून पाहिलं. मिस्त्री मात्र माझ्याकडे पाहत होते, परीक्षेच्या निकालाकडे पाहावं तसे.

रंगाचं काम चालू असताना अध्यक्ष आले. उजव्या बाजूला पांढऱ्या तेलरंगाचे दोन हात झाले होते, डावी बाजू कोरी होती.

“छान! आज संध्याकाळी मांडवात ठेवा. स्वागताची तालीम आहे.”

“शेठजी, दुसरी बाजू राहिलीय. परवा देतो,” मिस्त्री म्हणाले.

“परवा? पाहुणे काय मागच्या बाजूने येणार आहेत?”

हेडमास्तर हसले. अध्यक्षांचं वाक्य संपण्याआधी हसायची त्यांना सवय होती. त्यामुळे कधीकधी ते कोणाच्या तरी निधनालाही हसत.

“एका बाजूला रंग आणि एक बाजू कोरी ठेवली तर लाकूड वाकतं, शेठजी. कोरी बाजू ओल पिते, रंगवलेली पीत नाही.”

“लाकूड पाणी पितं!” अध्यक्ष माझ्याकडे वळले. “सर, तुम्ही एवढी पुस्तकं वाचता. असं कुठं वाचलंय?”

वाचलं होतं. ज्या पुस्तकातून नकाशा उतरवला, त्यातच या विषयावर अख्खं पान होतं. मी म्हणालो, “दोन-चार दिवसांत काय होतंय? नंतर रंगवू.”

मिस्त्रींनी ब्रश रॉकेलात बुडवून ठेवला.

उन्हं तापू लागली होती. उपमंत्र्यांना झळ लागू नये म्हणून मांडवात वाळ्याचे पडदे लावले होते. जहाजाची रंगवलेली बाजू पाहुण्यांकडे आणि कोरी बाजू पडद्याकडे, हातभर अंतरावर. मग पाहुण्यांचा दौरा पुढे गेला. आज येणार, उद्या येणार, म्हणून जहाज रंगवायलाही कोणी हलवू देईना. ते केव्हाही आले तरी गारवा हवा, म्हणून दोन गडी पाच दिवस पडद्यांवर सकाळ-संध्याकाळ पाणी मारत होते. जो माणूस अजून आलाच नव्हता त्याला गार ठेवण्यासाठी आम्ही जहाज भिजवलं.

ते आले तेव्हा फोटोसाठी जहाजाच्या टोकाशी उभे राहिले. खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “हे जहाज केळ्यासारखं वाकलंय! यावलच्या केळीच्या बागेतून आणलंत की काय?”

मांडव हसला. हेडमास्तर तर आधीपासूनच हसत होते.

“गावठी कारागीर, साहेब,” अध्यक्ष म्हणाले. “नवा बघतोच आहोत.”

मिस्त्री खांबाजवळ हात बांधून उभे होते.

आठ दिवसांनी प्रदर्शनाचा अहवाल हेडमास्तरांनी स्वतः लिहून माझ्याकडे सहीला पाठवला. ‘सुतारकाम शिक्षकांच्या सदोष कामामुळे संस्थेस पाहुण्यांसमोर कमीपणा आला.’ मी कागद घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. रंग, पडदा, पुस्तकातलं पान, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “सर, तुमचं खरं असेल. पण मग अहवालात ‘सदोष’ कोणाच्या नावापुढे लिहायचं, ते तुम्हीच सुचवा.”

मी सही केली.

जूनमध्ये मिस्त्री पेढीच्या ओट्यावर तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी आतून निरोप आला, नवा माणूस धुळ्याहून ठरला आहे. मी एरंडोलला त्यांच्या घरी गेलो. अंगणात ते बैलगाडीचं जू तासत होते. बसा म्हणाले, पाणी दिलं. मी अहवालाचं सांगायला सुरुवात केली, तर त्यांनी मध्येच थांबवलं.

“सही तं नंतरनी गोष्ट शे, भाऊ. त्या दिन शेठनी तुम्हले इचारं, तव्हय कारण तुम्हले मालूम व्हतं. मंग का बरं बोलनात नही?”

मला इंग्रजी येत होतं, मराठी येत होतं, थोडं संस्कृतही येत होतं. मी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि एसटीच्या थांब्यावर येऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. समितीचा, नोकरीचा नव्हे. कारण लिहिलं, ‘प्रकृती ठीक नसल्यामुळे.’ माझी प्रकृती उत्तम होती.