साहेबांचा पुकारा आणि ताईचा

माझा आवाज ही माझी एकमेव इस्टेट. घरात मला लहानपणापासून भोंगा म्हणतात, आणि या भोंग्याच्याच जोरावर मी कोर्टात शिपाई झालो. दारात उभं राहून पक्षकारांच्या नावाचा पुकारा करायचा, हे माझं काम. आत न्यायाधीश, बाहेर मी, आणि मधले वकील म्हणजे आम्हा दोघांचे निरोपे, अशी माझी समजूत. बायको म्हणते, "दाराला कडी असते ना, तेवढीच तुमची जागा." तिला कायद्यातलं काय कळतं!

माझ्या पुकाऱ्याचे दोन प्रकार आहेत. गाडीतून उतरणाऱ्यांना मी जिन्यापर्यंत जाऊन, तीनदा, "अमुकसाहेब आलेत का हो?" असं अदबीनं विचारतो. बाकीच्यांचं दारातूनच उरकतो. अर्धं नाव तोंडात, अर्धं मिशीत, आणि वर, "आहे का कोणी? नाही? चला!" कायदा सगळ्यांना सारखा असेल, पण घसा मला एकच आहे. तो राखून वापरायला नको?

परवा माझ्या थोरल्या ताईचा दावा निघाला. एका इमारतीच्या जिन्याखालच्या खोलीत ती कित्येक वर्षं शिवणकाम करायची. मालकानं एका सकाळी त्या खोलीला आपलं कुलूप ठोकलं. मशीन आत, लोकांचे कपडे आत, ताई बाहेर. खोली परत मिळावी म्हणून तिनं दावा लावला होता. वकील परवडेना, म्हणून स्वतःच उभी राहणार होती. पुकाऱ्याला हजर नसलीस तर दावा बाद, हे मीच तिला दहादा बजावलं होतं.

त्या दिवशी ती आधीच येऊन दाराशी उभी राहिली. लोक भावाचा वशिला म्हणतील, म्हणून मी तिला हटकलं, "दारात गर्दी नको, बाई. तिकडे पाण्याच्या टाकीजवळ बसा." सख्ख्या बहिणीला बाई म्हणालो! स्वतःच्या निःपक्षपातीपणानं माझा ऊर भरून आला.

पुकाऱ्याची वेळ झाली. मालकसाहेब गाडीतच बसून होते, त्यांना मी फाटकापर्यंत जाऊन बोलावलं. ते फोनवर बोलत होते, तर हात बांधून थांबलोही. मग ताईची पाळी. मनात आलं, हिला खणखणीत हाक मारावी. लगेच दुसरं मन दटावायला लागलं, खबरदार! बहीण असली म्हणून काय झालं? इतरांना मारतोस तश्शीच मार. तश्शीच मारली.

ताई आली नाही.

"पुकारा केला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"केला, साहेब."

"नीट?"

"अगदी नेहमीसारखा."

त्यांनी लिहायला घेतलं. "साहेब, ती बाहेरच..." एवढं माझ्या तोंडून निघेपर्यंत दावा बाद झाला होता. मालकाच्या वकिलानं माझ्याकडे बघून मान डोलावली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धावत बाहेर गेलो. टाकीजवळ ताई नव्हती. पार फाटकाशी, भिंतीला टेकून, पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

"आलं का रे माझं नाव?"

"येऊन गेलं, ताई. मी हाक मारली होती."

"ती हाक होती?" ताई माझ्याकडे बघतच राहिली. "मी ऐकलं की. मला वाटलं, तू कुणाला तरी हाकलतोयस. म्हणून तर उठून इकडे लांब येऊन बसले."