मी काढून टाकलेल्या चार ओळी

तू काय करतेस असं कुणी विचारलं की मी सांगते, कंपायलर सांभाळते. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राला कळेल अशा हुकमांत बदलून देणारा प्रोग्रॅम, तो कंपायलर. आमची भाषा लहान आहे. मोटरी, पंखे, भट्ट्या चालवणाऱ्या बारक्या चिपांसाठी ती केलेली. तिला मालक नाही. कुणीही फुकट घ्यावी, उघडून बघावी, दुरुस्ती सुचवावी. सुचवलेलं आत घ्यायचं की परत पाठवायचं हे आम्ही तिघं ठरवतो. दोघं परदेशात असतात. तिसरी मी, बोईसरला, पुढच्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्या मोजत.

तिघांत माझा हात सगळ्यात साफ आहे. हे नम्रपणे सांगायचं मला कधी जमलं नाही. दुसऱ्याने गुंता करून ठेवलेलं पान मी तासाभरात सरळ करते आणि ते पुन्हा गुंतत नाही. नातेवाइकांना यातलं एवढंच कळतं की मी सारखी बसलेली असते. सासूबाई तर दर वेळी विचारतात, "संपलं काय गो तुजं?" मी विचारते, "तुमची वाडी संपली का?" त्यावर त्या हसतात.

त्यांची पानवेलीची वाडी दातिवऱ्याच्या बाजूला, दर्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. नवऱ्याची नोकरी पालघरला, त्यामुळे आम्ही शनिवारी तिकडे जातो. एरवी वाडी त्या एकट्या बघतात. तिथल्या विहिरीचं एक आहे: वरचं पाणी गोड आणि खाली खारं. उन्हाळ्यात मोटर जास्त वेळ चालली की खालचं खारं वर येतं. पाणी मचूळ होतं, आणि वेलीला ते चालत नाही. म्हणून सासूबाई मोटर लावली की पाटाशी उभ्या राहायच्या. मधूनमधून ओंजळभर पाणी जिभेवर घ्यायचं आणि थुंकायचं. चव बदलली की मोटर बंद. त्यांच्या सासूने त्यांना हेच शिकवलं होतं.

मला ते बघवेना. मी एक डबा केला. विहिरीत सळी सोडली, ती पाण्यातलं मीठ मोजते, मीठ वाढलं की डबा मोटर बंद करतो. प्रोग्रॅम अर्थात आमच्याच भाषेत. दोन उन्हाळे डब्याचा आणि सासूबाईंच्या जिभेचा निकाल एकच आला. मग एक दिवस मी म्हटलं, "आई, आता चाखणं बंद करा. डब्याला तुमच्या जिभेपेक्षा जास्त कळतं." हसत म्हटलं होतं. त्या हसल्या नव्हत्या, हे मला नंतर आठवलं.

त्याच सुमारास माझ्या डोळ्यांत चार ओळी खुपत होत्या. कंपायलरच्या अगदी जुन्या भागात, ज्याने ही भाषा सुरू केली आणि केव्हाच सोडून गेला त्याच्या हातच्या. वर त्याने शेरा मारला होता: निरुपयोगी वाटेल, राहू द्या. का राहू द्या, ते नाही. असल्या शेऱ्यांचा मला राग येतो. मी त्या ओळी काढल्या. आमच्या सगळ्या चाचण्या पास झाल्या, शिवाय प्रोग्रॅम जलद धावू लागले. दोघांनी तोंड भरून कौतुक केलं. नवी आवृत्ती निघाली आणि तिच्यातून काढलेला प्रोग्रॅम सगळ्यात आधी मी आमच्याच डब्यात भरला. आपण रांधलेलं आधी आपण खावं, एवढाच विचार होता.

पुढच्या शनिवारी मी तापाने पडले होते, म्हणून जाणं झालं नाही. त्यापुढच्या शनिवारी वाडीत शिरले तर दर्याकडच्या ओळीतली पानं कडेने करपलेली. पाटातलं पाणी तोंडात घेतलं. मचूळ कसलं, खारटच होतं.

"आई, मोटर कोण बंद करतं?"

"डबा करतो ना?"

"करतो का?"

"आताशा नाय करीत. पाट भरून वायला लागला का मी करते."

मी आधी सळीवर संशय घेतला. वर काढली, शेवाळ खरवडलं, पुन्हा सोडली. फरक नाही. मग सासूबाईंवर घेतला. यांनीच काहीतरी दाबलं असणार असं मनात आलं आणि मी ते खरंही धरलं. कंपायलरवर संशय घ्यायला मला जेवणाची वेळ झाली. जुन्या आवृत्तीतून काढलेला प्रोग्रॅम डब्यात भरला तर डब्याने मोटर लगेच बंद केली.

पडवीत बसून मी दोन्ही आवृत्त्यांनी काढलेले हुकूम शेजारी शेजारी ठेवले. प्रोग्रॅम सारखा फिरत राहतो; जुन्यात त्याच्या प्रत्येक फेरीला हुकूम होता: मीठ किती आहे ते बघ. नव्यात तो अगदी सुरुवातीला एकदाच होता. कंपायलरने हिशेब केला होता की हा आकडा प्रोग्रॅममध्ये कुणी बदलत नाही, मग पुन्हापुन्हा बघायचा कशाला? त्या चार ओळी त्याला एवढंच सांगत होत्या की काही आकडे बाहेरून येतात, तुला न विचारता बदलतात, ते दर वेळी बघ. आमच्या सगळ्या चाचण्या संगणकाच्या आत चालायच्या. आत बाहेरून काही येत नाही. म्हणून सगळं पास. डबा सकाळी सुरू होताना एकदा गोड पाणी बघत होता आणि दिवसभर तेच गोड धरून बसत होता.

मी उठून मागच्या दारी गेले. सासूबाई करपलेली पानं खुडत होत्या.

"आई, चूक माझी आहे. डब्याची नाही, सळीची नाही. मी तुम्हाला चाखणं बंद करायला सांगायला नको होतं."

त्या खुडतच राहिल्या. मग म्हणाल्या, "बंद कुठं केलं व्हतं? चाकत व्हते मी."

"मग?"

"खारट लागलं व्हतं. पयल्याच दिशी. पन तू बोललेलीस डब्याला जास्त कळतं. मला वाटलं, माजीच जीब म्हातारी झाली."

वेलीचं मला वाईट वाटलं होतं, पण हे ऐकून लाज वाटली. इतक्या वर्षांची जीभ माझ्या एका वाक्याने खोटी ठरली होती, आणि माझ्या डोक्यात सकाळभर यांनी काय दाबलं हेच चाललं होतं.

पुढचं काम मात्र मी माझ्या हाताला शोभेल असं केलं. चार ओळी परत घातल्या. आवृत्ती मागे घेतली आणि जाहीर लिहिलं की चूक माझी, सगळ्यांनी जुन्यावर या. आकडा मध्येच बाहेरून बदलतो अशी चाचणी लिहिली. ओळी काढून केलेली माझी आवृत्ती तिच्यात पहिल्याच फटक्याला नापास झाली. जुन्या शेऱ्याखाली कारण लिहिलं, आमच्या विहिरीसकट. सूर्य मावळायच्या आत हे सगळं झालं. दुरुस्त आवृत्ती तयार होती, पण मी दोघांना कळवलं की ती आमच्या विहिरीवर चालल्याशिवाय बाहेर जाणार नाही. दोघांतल्या एकाला घाई होती, त्याने तक्रार केली. मी ऐकली नाही.

विहीर मात्र माझ्या वेगाने चालेना. मोटर बंद ठेवून पाणी गोड व्हायची वाट बघायची, दुसरा उपाय नाही. शेजारच्या वाडीतून पाइप टाकून आम्ही वेलींना पाणी घातलं. दर्याकडची ओळ गेली. बाकीच्यांना नवी पानं फुटू लागली, पण शेजारच्यांची विहीरही काही भरलेली नव्हती. आता आपल्या विहिरीचं पाणी सोडायला हवं होतं, आणि ते खारं निघालं असतं तर उरलेल्या वेलीही गेल्या असत्या.

तिसऱ्या शनिवारी आम्ही मोटर थोडीशी चालवली. डबा दर फेरीला नीट बघत होता. मीठ मर्यादेच्या खाली होतं.

"आई, चाखा," मी म्हटलं.

"मी कशाला? डब्यात बग ना."

मी पाटात ओंजळ भरून त्यांच्यापुढे धरली. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बोटांतून पाणी गळत होतं. मग त्यांनी घोट घेतला, थुंकला. पुन्हा घेतला. या वेळी डोळे मिटले.

"डबा काय बोलतो?"

"गोड."

मला वाटलं, आता मान डोलावतील.

"नाय," त्या म्हणाल्या. "मागून येतंय खारट. चार दिस थांब."

मी मोटर बंद केली. पडवीत फोन वाजत होता, दोघं विचारत होते, विहीर झाली का, आवृत्ती कधी देतेस. मी लिहिलं, चार दिवसांनी.