ढाल आमच्याच दुकानाची

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कोणी सांगायला नको. समुद्रपूरला माहेरी होते तेव्हा आई म्हणायची, हिला दुधात आधी पाणी दिसतं, मग दूध. लग्न होऊन देवळीला आले ती नेमकी बी-बियाण्यांच्या दुकानात, आणि तिथे हा स्वभाव कामाला आला. त्या वर्षांत बोगस बियाण्यांचा सुळसुळाट होता. थैली हातात घेतली की मी आधी तिची शिवण बघायची. कारखान्यातली शिवण आणि कोणीतरी उसवून पुन्हा घातलेली शिवण यात फरक असतो, आणि तो माझ्या नजरेतून सुटत नसे. माझे सासरे, म्हणजे आमचे मामाजी, गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगत, "आमच्या सुनेले पोलिसात टाकाले पायजे होतं."

पळण्याचा नाद मला उशिरा लागला. दुसऱ्या बाळंतपणानंतर डॉक्टरांनी पहाटे चालायला सांगितलं म्हणून वर्धा रोडनं चालायला लागले. एक दिवस कुत्रं मागे लागलं म्हणून पळाले. कुत्रं कंटाळून परत गेलं, तरी मी आपली पळतच राहिले. मग ते रोजचंच झालं. गावानं आपापले अर्थ काढले. कोणी म्हणे हिला शुगर निघाली, कोणी म्हणे सासरी जाच आहे. एका बाईनं तर मला रस्त्यात थांबवून विचारलं, "काऊन वं, घरी सगळं ठीक हाय ना?" मी म्हटलं, सगळं ठीक आहे म्हणून तर पळायला फुरसत मिळते. तिला ते काही पटलं नाही.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. जानेवारीत तालुक्याची दौड ठरली. बायकांना पाच किलोमीटर पळायचं होतं. बसस्टँडपासून निघायचं, वर्धा रोडवरच्या जिनिंगला, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, वळायचं आणि परत. बायकांत जी पहिली येईल ती वर्ध्याला जिल्ह्याच्या दौडीत तालुक्याकडून पळणार होती. एकीलाच जायला मिळणार होतं. बायकांच्या बक्षिसाची ढाल मामाजींनी दिली होती. तिच्यावर दुकानाचं नाव एवढं मोठं होतं की पळणारीच्या नावाला कोपराच उरला होता. मी नाव दिलं तेव्हा मामाजी म्हणाले, "म्हंजे ढाल घरच्या घरीच रायते वाटते."

मला ढालीचं काही नव्हतं. मला वर्ध्याला पळायचं होतं, अनोळखी बायकांमधून. लग्नाआधी मी कधी कशात पहिली आले नव्हते आणि लग्नानंतर बाईचा कशात नंबरच लागत नाही. मी खरंच पळणारी आहे की नुसती पहाटे उठणारी आहे, हे मला एकदा कळायला हवं होतं.

दौडीच्या दिवशी थंडी होती. कॉलेजच्या मुली, दोन-तीन शिक्षिका, एक अंगणवाडीताई आणि पंजाबी ड्रेसवर नंबर टाचलेली मी. सुरुवातीलाच एक मुलगी पुढे निघाली. ती आमच्या जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी, जवळच्या खेड्यातून देवळीच्या कॉलेजात येणारी. जूनमध्ये बापाबरोबर बियाण्याच्या रांगेत उभी असायची, म्हणून ओळखीची. तिच्या मागे मी. जिनिंगपाशी कापसाच्या बैलबंड्यांची रांग लागली होती, बैल रवंथ करत आमच्याकडे बघत होते. वळणावर एक मास्तर प्रत्येकीच्या मनगटाला लाल फीत बांधत होते, कोणी अर्ध्यातून परत फिरू नये म्हणून. ज्यानं ही युक्ती काढली तो माझ्याच स्वभावाचा असणार. मला धाप लागली होती तरी मागच्या दोघींनी फीत घेतली का, हे मी वळून बघून घेतलं.

परतीच्या वाटेवर ती मुलगी चांगलीच पुढे होती. तिला गाठणं माझ्यानं होत नव्हतं. मी मनाशी म्हटलं, ठीक आहे, दुसरा नंबर. मांडव दिसायला लागला, लाउडस्पीकर ऐकू यायला लागला, आणि पानठेल्यापाशी ती एकाएकी थांबली. खाली वाकली. बुटाची नाडी बांधू लागली. मी तिच्या बाजूनं पुढे गेले. लगेच मागून तिच्या पावलांचा आवाज आला, पण तो माझ्या मागेच राहिला. मी पहिली आले.

टाळ्या वाजल्या. मामाजींनी स्वतःच्या हातांनी स्वतःची ढाल स्वतःच्या सुनेला दिली. मी मात्र त्या मुलीच्या बुटांकडे बघत होते. दोन्ही नाड्यांना दुहेरी गाठ मारलेली, टोकं आत खोचलेली, आणि गाठींवर रस्त्याची धूळ सारखीच बसलेली. आत्ताच बांधलेल्या गाठीवर एवढी धूळ कशी? तिथून जे डोक्यात शिरलं ते जाईना.

नवऱ्याला सांगितलं तर तो हसला. "तुले तर प्रसादातबी खडा दिसते. जिंकली ना? मंग झालं." दुकानात येणारा जाणारा अभिनंदन करत होता आणि मी प्रत्येकाचं तोंड निरखत होते. हा शेतकरी मनापासून बोलतोय की जूनचं बोलतोय? कपाशीच्या नव्या बियाण्याची तेव्हा मारामार असायची. पाहिजे तो वाण कोणाला मिळेल आणि कोणाला नाही, हे आमच्या काउंटरच्या आतून ठरायचं. माझ्या मनानं हिशेब जुळवला. बापाला थैल्या हव्यात, म्हणून त्यानं पोरीला वाकायला लावलं.

पण हिशेब जुळला म्हणून खरा असतोच असं नाही. खात्री पटली ती चार-पाच दिवसांनी, तीही एसटीमुळे. आमचं दुकान स्टँडसमोरच. दुपारी तिच्या गावची गाडी सुटली आणि ती मुलगी कॉलेजकडून वळणावर दिसली. ती गाडी चुकली की संध्याकाळपर्यंत दुसरी नाही. तिनं ओढणी कमरेला खोचली, दप्तर छातीशी धरलं आणि पळत सुटली. पायात साधी चप्पल. मी काउंटरवरून उठून उभीच राहिले. तसं पळणं मी दौडीत पाहिलंच नव्हतं. गाडीनं वेग घ्यायच्या आत तिनं दांडा धरला आणि आत चढली. मला वाईट वाटलं आणि रागही आला. एसटीला कोणी मुद्दाम जिंकू देत नाही.

संक्रांतीनंतरचे दिवस होते. हळदीकुंकवाला जाते असं घरी सांगून मी मोपेड काढली आणि तिच्या गावी गेले. तिचा बाप जेवायला शेतातून आला होता. पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला. त्याच्या कडेला माझ्यासाठी खाट टाकली, वर धुतलेली चादर अंथरली.

"तुमी कायले तरास घेतला जी? निरोप देला असता तर मीच आलो असतो."

मी आडपडदा ठेवला नाही. "तुमची पोरगी माह्याहून जोरात पळते. मंग ते हरली कशी?"

"थकली होती जी."

"एसटीमागं पळताना नाई थकली."

"एसटीची गोष्ट अलग हाय," तो म्हणाला, आणि माझ्याकडे रोखून पाहू लागला. ती नजर मी ओळखली. नवी थैली हातात घेतली की मी शिवणीकडे तशीच बघते. शेठच्या घरची बाई भरदुपारी आपल्या दारात येते, म्हणजे काहीतरी काढून घ्यायला आली असणार, असं त्याच्या मनात चाललं होतं. त्याचा संशय फिटावा म्हणून मी नको ते बोलले.

"हे पाहा, जूनमंदी तुमाले थैल्या भेटतीनच. त्याची फिकर करू नका."

त्याचा चेहरा उतरला. "म्हंजे थैलीसाठी मी पोरीले हरवलं, असं म्हनता?"

तेच म्हणत होते ना मी. एवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. कप माझ्यापुढे ठेवला आणि उभ्याउभ्याच म्हणाली, "मी थकली नोयती, काकू. मले थांबाले सांगतलं होतं."

"कोनं?"

तिनं बापाकडे पाहिलं. त्यानं कापसाकडे. मग तो म्हणाला, "छोटे शेठ म्हनाले होते. दुकानात. हासतहासतच म्हनाले. आमच्या घरची बाई पयल्यांदा पळून राह्यली, पोरीले म्हना जराशी सांभाळून घेजो."

छोटे शेठ म्हणजे माझा नवरा.

मी सगळ्या तालुक्यावर संशय घेतला होता, त्याच्यावर घ्यायचं सुचलंच नाही. हसतहसत म्हणाला असेल, यात शंका नाही. तो सगळंच हसतहसत म्हणतो. पण काउंटरच्या आतून केलेली थट्टा बाहेर उभ्या असलेल्या माणसाला थट्टा म्हणून ऐकता येत नाही, हे तो आणि मी दोघंही चांगलं जाणून होतो. आम्ही तिथेच तर बसत होतो.

चहा संपवून मी मुलीला म्हटलं, "चाल, फाट्यापर्यंत पळू."

"आता?" तिनं विचारलं. "कशी पळू?"

"एसटी सुटून राह्यली असं समज."

तिनं बूट घातले, मी मोपेड तिथेच ठेवली आणि आम्ही निघालो. निघालो म्हणजे ती निघाली. पहिल्या शेताचं कुंपण संपायच्या आत ती एवढी पुढे गेली की तिच्या पावलांचा आवाज मला ऐकू येईना. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. वेचणीला गेलेल्या बाया ओळीत उभ्या राहून बघायला लागल्या. नाल्यापाशी आले तेव्हा ती चढावर होती, चढावर आले तेव्हा ती दिसेनाशी झाली होती.

तिथे मला जे कळलं ते मी आजही विसरले नाही. ती मला हरवेल हे मला ठाऊक होतं. पण थोडक्यानं हरवेल, असं मी धरून चालले होते. दहा-वीस पावलांनी, घासाघीस होऊन. संशय घेतानासुद्धा मी स्वतःला झुकतं माप दिलं होतं.

मी फाट्यावर पोचले तेव्हा ती दगडावर बसून बुटात घुसलेला काटा काढत होती. मला बघून उठली. "काकू, तुमीबी चांगल्याच पळता," ती म्हणाली. मला त्यावरही विश्वास ठेवता आला नाही.

घरी येऊन मी मामाजींना सरळ सांगितलं, मी वर्ध्याला जात नाही, दुसऱ्या नंबरला पाठवा. ते चिडले. लोक काय म्हणतील, ढालीवर नाव कोरलं आहे, वगैरे. मी म्हटलं, ढाल राहू द्या भिंतीवर, दुकानाचं नाव तर खरंच आहे. त्यावर त्यांना हसू आलं आणि त्यांनी निरोप धाडला.

नवरा संध्याकाळी दुकानाचं शटर ओढून घरी आला. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "तुमी त्या पोरीच्या बापाले काय सांगतलं होतं?"

त्यानं आधी आठवत नसल्यासारखं केलं. मग ग्लास खाली ठेवला. "मजाक केला होता मी." पुढे हळू आवाजात म्हणाला, "एवढं पहाटे उठउठून पळून राह्यली होती तू. तू जिंकावी असं वाटलं मले."

"मी जिंकन, असं नाई ना वाटलं?"

त्यानं खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलला. खोटं बोलला असता तर मला लगेच कळलं असतं, हे त्याला माहीत होतं. त्याचं काही चुकलं नव्हतं, मी जिंकले नसतेच, नाल्यापासून फाट्यापर्यंत ते मी स्वतःच्या पायांनी पाहून आले होते. त्याची थट्टा मी केव्हाच माफ करू शकले असते. तो बरोबर होता, हे मात्र मला अजून माफ करता येत नाही.