सुमनचा रंग शाप नव्हता

किळस आलीय मला.

तुमच्या दिव्यांची. तुमच्या हात जोडलेल्या इमोजींची. तुमच्या "ताई, तुम्ही भोर-वेल्ह्याची शान होतात"ची.

परवा सुमन गेली. काविळीनं. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

माझी भोरच्या कॉलेजातली मैत्रीण. मूळची वेल्ह्याकडची. काळी.
सावळी नाही, गव्हाळ नाही. काळी आणि देखणी. ती स्वतः असंच सांगायची.

टीव्हीवर ती नावाड्याची मुलगी झाली होती, हे तुम्हाला आठवत असेलच. प्रोमोखाली तुम्हीच लिहिलं होतं ना? "राजपुत्राला मोतीबिंदू झालाय का?" "लाइट लावा रे, हिरॉइन दिसेना."

तेच हात आज जोडलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

मालिका एका अद्भुत कादंबरीवर होती. त्यात दोन वंश. डोंगरावरचे गोरे, नदीकाठचे काळे. गोऱ्यांचा राजपुत्र काळ्यांच्या नावाडणीच्या प्रेमात पडतो. दोन्हीकडचे लोक जिवावर उठतात, तरी ती दोघं लग्न करतात. तो तोच राहतो, ती तीच राहते. पुस्तकाचा जीवच त्यात आहे.

त्या नावाडणीसाठी चॅनलनं आधी कुणाला घेतलं? एका गोऱ्यापान मुलीला. अंगभर काळा रंग फासून.

शूटिंग आमच्याच भाटघर धरणाच्या पाण्यावर. पहिल्याच मिठीत तिचा रंग राजपुत्राच्या पांढऱ्या अंगरख्यावर उतरला.

म्हणून मग सुमनला बोलावणं आलं.
पुण्यात इतकी वर्षं नाटकं केली होती तिनं. ते कुणी विचारलंच नाही. हिचा रंग पाण्यात जाणार नाही, एवढंच बघितलं.

पण काम काय केलं पोरीनं! तिची आई गावात शेजारच्यांच्या टीव्हीसमोर तोंडाला पदर लावून बसायची. एकदा मला फोन करून म्हणाली, "नसीम, त्यो राजाचा पोरगा हिच्याकडं कसा बगतोय, बगितलं का? मला न्हाई गं आसं कुणी कदी बगितलं."

मग वर कुठंतरी मीटिंग झाली. "ऑडियन्सला जोडी पटत नाहीये."

लग्नाचा सीन होता त्या दिवशी डायरेक्टर सुमनला म्हणाला, "छोटासा ट्विस्ट आहे. तू मुळात गोरीच आहेस. काळा रंग हा शाप. तू नदीत बुडी मारायची, की शाप उतरला."

"आणि वर कोण येतं?"

त्यानं मागं बोट दाखवलं. तीच मुलगी खुर्चीत बसली होती. नवरीच्या साडीत. या वेळी रंग न फासता.

"पुस्तकात असं नाहीये," सुमन म्हणाली.

"पुस्तक वाचतंय कोण?"

कॅमेरा लागला. सुमननं बुडी मारली. आणि वर आलीच नाही.

काठावर बोंबाबोंब. हाका, शिट्ट्या, लाइफ जॅकेट शोधायची पळापळ. आणि ही नदीत पोहत वाढलेली बाई लांब पलीकडच्या काठाला लागलेली. अंगावरच्या ओल्या साडीत चिखल तुडवत रस्त्यावर आली, भाजीच्या टेम्पोला हात केला आणि थेट माझ्या दारात. गळ्यात खोटे मोती, पायात चप्पल नाही.

अम्मीनं टॉवेल दिला. म्हणाली, "आधी डोकं पूस, मग रड."

सुमन रडली नाही. मला म्हणाली, "नसी, चहा टाक. मला शिव्या द्यायच्यात."

कप गार होईपर्यंत देत होती.

पण बुडी तर शूट झाली होती. तीच वापरली त्यांनी. काळी सुमन पाण्यात जाते, गोरी मुलगी बाहेर येते, वरून फुलं पडतात.

खाली तुम्ही लिहिलंत, "आता शोभतेय जोडी."

तिच्या आईनं तो एपिसोड अख्ख्या आळीबरोबर बसून बघितला. सुमन घरी गेली तेव्हा तिला म्हणाली,
"म्हंजी माजा रंग शाप हाय व्हय गं? तुला तर त्यो माज्याकडनंच आलाय."

सुमन मला एवढंच म्हणाली, "मला त्यांनी काढलं, त्याचं काही नाही. पण आईला हे ऐकवलं."

त्या चॅनलकडं ती पुन्हा गेली नाही. भोर, नसरापूरच्या शाळांतून मुलींची नाटकं बसवत राहिली. तोंडाला पावडर लावून आलेल्या पोरीला नळाखाली पाठवायची.

आणि मग आजची सकाळ.

सुमनच्या भोरच्या खोलीतलं सामान आवरायला तिची आई आली. आम्ही दोघी एसटी स्टँडवरून चालत निघालो. चौकात फ्लेक्स लागलाय. खाली कुठल्याशा मंडळाच्या कार्यकर्त्यांचे गॉगल घातलेले फोटो. वर मोठ्ठा चेहरा, दुधासारखा पांढरा. नाव सुमनचं.

आईला वाचता येत नाही.

ती थांबली. वर बघून तिनं हात जोडले. हळहळून म्हणाली, "ही बी तरणीच दिसती गं. कुणाची लेक गेली?"

सांगा, काय उत्तर देऊ?

मंडळाच्या पोराला फोन केला. तो म्हणतो, "मॅडम, थोडा ब्राइट केलाय फक्त. चांगली दिसावी म्हणून."

मी म्हणाले, "उतरव."

दुपारी उतरवला. त्याची घडी होईपर्यंत मी तिथून हलले नाही.

खाली फोटो देतेय. वरव्याच्या शाळेत मुलींच्या नाटकाची तालीम चालली होती तेव्हा मीच काढलेला. शेअर करायचा तर असाच करा. उजळायचा असेल तर हातही लावू नका. आणि ज्यांनी तेव्हा तिच्यावर थुंकून घेतलं, त्यांनी इथं आरआयपी लिहू नये. डिलीट करीन.

सुमे, तुझी आई आज माझ्याकडं आहे. अम्मीनं बळंच दोन घास भरवले. आता झोपलीय.

तू नीट जा गं.

माझ्या काळ्या, देखण्या मैत्रिणीला शेवटचा सलाम.

तुझी नसी